तक्रारबाईंची रँक

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात वर्षानुवर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या बाईंना सगळे तक्रारबाई म्हणत. खरं तर त्यांनी स्वतः कधी कशाची तक्रार केली नव्हती. लोकांच्या तेवढ्या नोंदवून घेतल्या. त्यांच्या मागून आलेले तिघे बढती घेऊन वरच्या मजल्यावर गेले. त्यातला एक साहेबांचा नातेवाईक होता, दुसरा सकाळी साहेबांबरोबर फिरायला जायचा आणि तिसरा काय करतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे तो लायकच असणार.

लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा तिचा मोठा कॉम्प्युटर घरीच राहिला. एका रविवारी त्यावरची धूळ पुसताना तक्रारबाईंचा हात कशावर तरी पडला आणि पडद्यावर बंदूक आली. त्यांनी लेकीला फोन लावला.

"अगं आई, तो माझा गेम आहे. पाच जण आपले, पाच समोरचे. एका बाजूने बॉम्ब ठेवायचा, दुसरीने तो ठेवू द्यायचा नाही. मेलीस की डाव संपेपर्यंत गप्प बसायचं."

"गप्प बसायचा मला अनुभव आहे," तक्रारबाई म्हणाल्या.

लेकीने त्यांना स्वतंत्र खातं काढून दिलं. खेळातलं नाव काय ठेवायचं, हे त्यांना सुचेना. शेवटी ऑफिसच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती, त्यातला अर्धा भाग त्यांनी उचलला. सुरुवातीचे सामने झाल्यावर 'शांतता'ला आयर्न ही रँक मिळाली. त्याच्या खाली रँक नव्हती.

"हे फेरविचारासाठी कुणाकडे पाठवायचं?" त्यांनी विचारलं.

"कुणाकडेच नाही. जिंकलीस की चढतेस, हरलीस की उतरतेस. आपल्याहून वरच्यांना हरवलंस तर जास्त चढतेस."

"आणि सेवाज्येष्ठता?"

"म्हणजे?"

"किती वर्षं खेळतेय, ते धरत नाहीत?"

"नाही गं."

तक्रारबाईंना ही पद्धत अगदीच बेजबाबदार वाटली. पण ती काही डोक्यातून जाईना.

त्यांचा नेम असा होता, की शत्रूपेक्षा आजूबाजूच्या भिंतींनाच जास्त धोका. पण खालच्या रँकमध्ये नेमाची फारशी गरजच नसते, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. तिथे प्रत्येक जण मूळचा वरच्या गोल्ड रँकचा होता, फक्त बाकीच्या चौघांमुळे खाली अडकला होता. तो एकटाच धावत दारातून आत जायचा, मरायचा आणि मग जिवंत असलेल्यांना खेळ शिकवायचा. कुणी कुणाला कामाचं काही सांगत नसे. तक्रारबाईंनी माइक लावला आणि फोनवर तक्रारदारांना विचारतात तेच विचारायला सुरुवात केली. कुठून बोलताय, समोर काय दिसतंय, आवाज कुठून येतोय? चारही जण गोंधळून खरी उत्तरं द्यायला लागले. मग त्या सांगू लागल्या, की आधी धुराचा गोळा टाका, दोघं मिळून आत जा, पहिला पडला तर दुसऱ्याने लगेच मारणाऱ्याला टिपून त्याची भरपाई करायची. आवाज चढायला लागला. त्या आवाजाने पहिल्यांदा दचकल्या त्या स्वतःच, आणि मग शेजारच्या खोलीतला नवरा. हळूहळू त्या आयर्नमधून ब्राँझमध्ये आणि तिथून सिल्व्हरमध्ये गेल्या.

एका संध्याकाळी त्यांच्या टीममध्ये 'वादळ' नावाचा खेळाडू आला. तो दर वाक्याआधी "मुद्दा असा आहे" म्हणायचा आणि मग मरायचा. आवाज ओळखीचा वाटला, पण तक्रारबाईंनी मनावर घेतलं नाही. सामना संपता संपता माइक चालूच ठेवून तो घरात कुणाला तरी म्हणाला, "उद्या पाइपलाइनची बैठक आहे. निळा शर्ट इस्त्री करून ठेव."

दुसऱ्या दिवशी साहेब निळ्या शर्टात आले.

साहेबांनी 'शांतता'ला ओळखलं नाही, यात नवल नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी तक्रारबाईंच्या तोंडून "हो साहेब" आणि "सही करता का" एवढंच ऐकलं होतं. तक्रारबाईंनी नाव सांगितलं नाही, पण वादळला आपल्या रोजच्या टीममध्ये घेतलं. दिवसा साहेब त्यांना नुसते हात हलवून जायला सांगत आणि संध्याकाळी "आता कुठे उभा राहू?" असं विचारत. हा आनंद साधा नव्हता. त्या नवऱ्यालासुद्धा काही बोलल्या नाहीत.

मग वार्षिक अहवालांचे दिवस आले. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"मुद्दा असा आहे, बाई, तुमचं काम चोख आहे. पण नेतृत्वगुण कमी पडतात, असं मला लिहावं लागलंय. मनाला लावून घेऊ नका."

"हो साहेब," तक्रारबाई म्हणाल्या. राग साहेबांचा आला होताच, पण आपण पुन्हा "हो साहेब"च म्हणालो, याचा जास्त आला.

संध्याकाळी दोघं मिळून एक अवघड सामना जिंकत आले होते. वादळ खूश होता.

"खरं सांगतो, तुमच्यासारखं माणूस आमच्या ऑफिसात एक नाही. आजच एका बाईंना सांगितलं, नेतृत्वगुण नाहीत म्हणून."

"हो, मला सांगितलंत, साहेब," तक्रारबाई म्हणाल्या. "डावीकडून दोघं येतायत, बघा."

साहेबांनी बघितलं नाही. ते मेले.

पुढचे काही दिवस साहेब मागच्या जिन्याने ये-जा करत होते. तक्रारबाईंनी त्यांना टीममधून काढून टाकलं. एकट्याच्या कर्तबगारीवर साहेब आठवड्याभरात खाली ब्राँझला जाऊन पोचले आणि मग स्वतःच तक्रार खिडकीसमोर येऊन उभे राहिले.

"आज सातला खेळणार का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तक्रार आहे का?"

"नाही, विनंती आहे."

"विनंत्या इथे घेत नाहीत," असं म्हणून तक्रारबाईंनी फोन उचलला.

त्या कार्यालयात वर गेलेला कागद परत यायला साधारण एक पिढी जाते. साहेबांनी तो अहवाल दुपारच्या आत खाली आणला आणि तक्रारबाईंच्या टेबलावर ठेवला. आता त्यात 'संकटकाळी सहकाऱ्यांना अचूक मार्गदर्शन' असं लिहिलं होतं.

"कुठलं संकट, असं वरच्यांनी विचारलं तर?"

"पाइप फुटला होता म्हणू. फुटलेलाच असतो एखादा."

तक्रारबाईंनी त्यांना टीममध्ये परत घेतलं, पण एका अटीवर: मेल्यावर बोलायचं नाही. त्या वर्षी बढतीची जागाच रद्द झाली, त्यामुळे कुणावरच अन्याय झाला नाही. त्याच महिन्यात 'शांतता' गोल्डला पोचली. लेक फोनवर रडायच्या बेतात होती. नवऱ्याने चौकशी केली.

"यात मिळतं काय?"

"बिल्ला."

"कुठे आहे?"

"पडद्यावर."

"बरं आहे," नवरा म्हणाला. "मला निवृत्तीला घड्याळ दिलं होतं, ते कधीचं बंद पडलंय."

पुढच्या बैठकीत वरिष्ठ अभियंत्यांसमोर साहेबांनी जाहीर केलं, की पाइपलाइनची दुरुस्ती शुक्रवारपर्यंत होईल. टेबलाच्या टोकाला तक्रारींची वही घेऊन बसलेल्या तक्रारबाई म्हणाल्या, "थांबा. खोदणारे अजून आलेलेच नाहीत. आधी त्यांना विचारा, मग तारीख द्या."

आवाज संध्याकाळचा होता. साहेब वाक्याच्या मध्येच थांबले, नकाशाकडे बघितल्यासारखं टेबलाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई म्हणतात तसं करू."

अभियंत्यांनी तारीख खोडली. बैठक संपल्यावर तीन माणसं तक्रारबाईंच्या टेबलाशी येऊन विचारून गेली, की तुम्ही इथे नवीन आलात का.