आत्तीच्या घरावरचं आरक्षण

पल्टणीत बावीस वर्षं मी कारकून होतो. बंदूक धरली ती ट्रेनिंगला, पुढची सगळी लढाई कागदावर. पण आमच्याकडं फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच म्हणतं, आणि मेजर म्हटला की अर्ज लिहायला तोच. बेटावर स्मशानभूमी पाहिजे, हा अर्जही मीच लिहिला. त्यामुळं पुढं जो काय घोळ झाला त्याचा धनी मीच, असं आत्ती मला दिवसातनं दोनदा ऐकवते.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आणि बेट म्हणजे कराडच्या खाली नदी जिथं फाटते आणि पुढं पुन्हा एक होते, तिथली मधली जमीन. पंधरा-वीस घरं, बाकी सगळा ऊस. उन्हाळ्यात अलीकडच्या फाट्यातनं गुडघाभर पाण्यातनं चालत जाता येतं, पावसाळ्यात होडी. बाजार पलीकडं, शाळा पलीकडं, दवाखाना पलीकडं आणि स्मशानही पलीकडं.

माझे वडील गेले ते भर पावसाळ्यात. नदी दोन्ही अंगांनी फुगलेली, होडी बंद. शेवटी गुऱ्हाळातली काईल काढली. गूळ उकळायची ती भली मोठी कढई. तिच्यात वडिलांना निजवलं आणि पट्टीच्या चौघा पोहणाऱ्यांनी ती चारी बाजूंनी धरून पलीकडं नेली. मी तेव्हा हजार मैलांवर होतो, तारखा बघत रजेचा अर्ज लिहीत. आत्ती काठावर उभी होती. मध्ये एकदा काईल कलली तेव्हा ती किंचाळली, एवढंच मला लोकांनी सांगितलं. त्या दिवसापासनं तिनं एकच धोशा लावला, बेटाला बेटाचं स्मशान पायजे.

पुढं गावाची नगरपंचायत झाली आणि विकास आराखडा करायचं निघालं. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत रस्ता कुठं, बाग कुठं, घरं कुठं, हे ठरवणारा नकाशा. मी लगेच अर्ज टाइप केला. पहिली सही आत्तीची. अंगठा नाही बरं का, सही. सातवीपर्यंत शिकलेली आहे ती, आणि तसं कुणालाही विसरू देत नाही.

सहा-आठ महिन्यांनी नकाशाचा मसुदा कार्यालयाच्या भिंतीवर लागला. हरकती असतील तर तीस दिवसांत द्या म्हणाले. बघायला ही गर्दी! जो तो आपलं घर शोधतोय. मी बेट शोधलं. हिरवंगार बेट, त्यावर मधोमध एक चौकोन, चौकोनात आकडा, आणि खाली यादीत त्या आकड्यापुढं लिहिलेलं : स्मशानभूमीसाठी आरक्षण. मी खुशीत शेजारच्याला म्हटलं, "बघितलं? अर्ज असा लिवायचा असतो."

तो बेटावरचाच गडी. त्यानं चष्मा पुसला, नकाशाला नाक लावलं आणि म्हणाला, "मेजर, ह्यो चौकोन तर आत्तीच्या चुलीवरच बसलाय की ओ!"

खरंच बसला होता. बेटावर एकच टेक आहे जिथं पुराचं पाणी चढत नाही, आणि त्या टेकावर आत्तीचं घर.

सांगायची हिंमत होईना. दोन दिवस मी दुसऱ्या बांधानं ये-जा केली. पण बातमी होडीनं माझ्याआधी पोचली होती. तिसऱ्या दिवशी आत्तीनं मला बांधावरच गाठलं.

"माझ्या घरात मढी जाळनार व्हय रं? चुलीपाशी जाळनार का माजघरात? तेवढं तरी इचारून ये."

"आगं आत्ती, चूक झालीया त्यांची."

"त्यांची? अर्ज कुनी लिवला?"

"मी. पर सई पयली कुनाची?"

त्यावर तिनं मला जे काही ऐकवलं ते छापता यायचं नाही. मी चिडून म्हटलं, "मग स्मशानच नगं म्हनून लिवून देतो, मिटलं!" तशी तिनं नदीकडं बोट केलं. म्हणाली, "स्मशान पायजेच. माझ्या भावाला कढईतनं न्हेलं. आनि घर बी पायजे. कसं करायचं ते तू कर, लय शिकलायस न्हवं?"

मी हरकत लिहिली. विषय टाकला, 'हयात इसमाच्या राहत्या घरावरील स्मशानाचे आरक्षण हलविणेबाबत.' पल्टणीत असा विषय टाकला असता तर साहेबानं मलाच हलवलं असतं.

सुनावणीला आत्ती इस्त्रीचं लुगडं नेसून आली. समोर पाच-सहा जण आणि नगररचनेचा एक तरुण इंजिनिअर, लॅपटॉप घेऊन. बिचारा शांत होता. म्हणाला, "आजी, आम्ही ड्रोननं पाहणी केली आहे. या जागेवर घर नाही. नुसता झाडोरा आहे." आणि त्यानं फोटो दाखवला.

मी बघितलं आणि कपाळावर हात मारला. आत्तीच्या पत्र्यावर दरसाल दोडक्याचा वेल असतो. पत्रा तापत नाही म्हणून ती मुद्दाम चढवते. ड्रोन आला तेव्हा वेल ऐन भरात असणार. वरनं बघणाऱ्याला टेकावर घर नव्हतंच, हिरवी गोधडी होती.

आत्ती खुर्चीतनं उठून लॅपटॉपपाशी गेली. "झाडोरा? आवं सायेब, ही माझी दोडकी हाईत! ह्यो बघा, ह्यो पिवळा बियाला ठिवलाय. हात लावू नगा त्येला." इंजिनिअरनं घाबरून पडद्यावरचा हात मागं घेतला. सगळी समिती हसायला लागली. मी मात्र पिशवीत कागद चाचपत होतो. हसण्यावारी गेलं म्हणजे घर गेलं.

मी लाइटबिल पुढं केलं. इंजिनिअर म्हणाला, बिलावर बेटाचं नाव आहे, पण बेटावर नेमकं कुठं ते नाही. आत्ती म्हणाली, "मग या की बघायला. घर काय उसात लपवून ठिवलंय?" शेवटी स्थळपाहणी ठरली.

तो आला त्या दिवशी नावाडी मिरजेला लग्नाला गेलेला आणि होडीला कुलूप. नदीला पाणी छातीएवढं, पण संथ. मी काईल काढली. इंजिनिअर म्हणाला, "यात बसायचं?" मी म्हटलं, "बिनधास्त बसा, आमची सवय हाय." सवय कसली डोंबलाची! लहानपणी काय दोनदा वल्हवली असेल तेवढीच. काईल गोल, तिला ना नाक ना शेपूट. एका बाजूनं वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरागरा फिरते. आमचं तेच झालं. इंजिनिअर फाइल छातीशी धरून आळीपाळीनं दोन्ही काठ बघतोय, मी घामाघूम, आणि पलीकडनं आत्ती ओरडतेय, "आरं, सायबाला प्रदक्षिना कशाला घालतुयास? हिकडं आन!"

बेटावर उतरल्यावर तो पाच मिनिटं नुसता बसून राहिला. मग आत्तीनं त्याला बूट काढायला लावून घरात घेतलं. त्यानं टेप धरून भिंती मोजल्या, दार मोजलं, चूल मोजली. भाकरी आणि दोडक्याची भाजी खाऊन त्यानं कागदावर लिहिलं, 'सदर जागेवर राहते घर असल्याचे आढळून आले.' मी मिशीवर ताव दिला. जिंकलो!

"पण आजी," तो हात धूत म्हणाला, "स्मशानासाठी पुराच्या रेषेवरची जागा लागते. दुसरी जागा सुचवा. नसेल, तर मला आरक्षणच रद्द करावं लागेल."

टेकावर दुसरी जागा एकच. आत्तीच्या घरामागं, माझी, आठ गुंठे. पेन्शनीवर आल्यापासनं मी तिथं घर बांधायच्या नादात होतो. जोतं बांधून झालं होतं, बांधकाम परवान्याचा अर्ज त्याच कार्यालयात पडून होता. इंजिनिअरची नजर त्या जोत्यावर गेली. "ही कुणाची?"

एरवी विचारायच्या आधी उत्तर देणारा मी. तेव्हा मात्र त्याच्या हातावर पाणीच ओतत राहिलो. राग आला, खरं सांगतो. त्या ड्रोनचा, त्या वेलाचा, स्वतःच्या अर्जाचा.

आत्तीच बोलली. "त्येची हाय. ती न्हाई मिळायची. सायेब, तुमी माझं घर घ्या. मी किती दिस ऱ्हानार? ह्या पोरानं उभा जलम तंबूत काढला, त्येला घर बांधू द्या."

मी पासष्टीला आलेला माणूस. मला पोर म्हणणारं आता जगात एवढंच माणूस उरलंय, हे तेव्हा एकदम डोक्यात आलं. मी चिडूनच ओरडलो, "तू गप बस गं! सायेब, लिवा माझा गट नंबर!"

त्यानं लिहिला.

आता मी आत्तीच्याच घरात राहतो. पुढच्या सोप्यातली बाजेची जागा माझी. तिचं वय नव्वदीकडं झुकलंय, कंबर वाकलीय, तोंड मात्र शाबूत. रोज संध्याकाळी ती मागच्या दारी बसते आणि माझ्या जोत्याकडं बघत म्हणते, "कवा बांधनार रं ते स्मशान? तेवढं बांधून झालं की मी जायला मोकळी. पयला मान माझा, दुसऱ्या कुनाला घुसू देऊ नगंस." शेजारच्या बायका हसतात. मीही हसतो.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा नगरपंचायतीचं पत्र आलं. आराखडा मंजूर, जागेचा ताबा देत असल्याच्या कागदावर सही करून पाठवावी, काम सुरू करता येईल. दुसरी प्रत सोबत. बावीस वर्षांत एक कागद मी टेबलावर रात्रभर राहू दिला नव्हता. सही पावसाळ्याआधी करावीच लागेल, बेटावर आणखी माणसं आहेत, हे मला कळतं. पत्र माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे.

"पत्र आलं का रं?" आत्ती विचारते.

"न्हाई गं," मी म्हणतो, "सायेब रजेवर हायेत."