पाहणीच्या दिवशीच्या खुर्च्या

भवानी पेठेत आमच्या शेजारी बिड्या वळणाऱ्या एक बाई राहतात. मांडीवर सूप आणि सुपात पानं-तंबाखू. बोलतानाही त्यांचे हात थांबत नाहीत. बिडीला दोरा बसला की मगच वाक्य पुरं होतं. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. घरी साखर असो-नसो, आलेल्याला चहाशिवाय सोडत नाहीत.

मागे सरकारी माणूस गरीब घरांची पाहणी करायला येणार होता. गल्लीतल्या हुशार लोकांनी टीव्ही, मिक्सर नातेवाइकांकडे हलवले. या बाईंनी उलट आमच्याकडून खुर्च्या, कपबश्या आणि टेबलफॅन नेला. साहेबांनी चहा घेतला, पंख्याकडे बघितलं आणि लिहून नेलं. पुढे बाईंचं रेशन बंद झालं. सरकारी आकड्यात गल्लीतली गरिबी एका घराने कमी झाली. बाईंच्या चुलीवर डाळ शिजणं मात्र थांबलं.

यंदा पुन्हा पाहणी. काल बाई पुन्हा खुर्च्या मागायला आल्या.

"अहो, आता तरी नको," मी म्हणालो. "घर आहे तसं बघू द्या की त्यांना."

"गरीब हाय म्हणून पावण्याला भुईवर बसवायचं व्हय?"

मी खुर्च्या दिल्या. पंखा बिघडलाय म्हणून खोटंच सांगितलं.

आज दुपारी साहेब आले. मी दारातून पाहिलं. सूप बाजूला पडलं होतं आणि कुणासाठी न थांबणारे ते हात साहेबांना पुठ्ठ्याने वारा घालत होते.