श्रावणातले माशांचे प्रदर्शन

माझी मुलगी पाण्याखाली उतरून छायाचित्रे काढते. हा उद्योग मला बराच काळ पटलेला नव्हता. घाटकोपरच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर सुट्या भागांची मापे तपासली. ज्याला माप नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. पण तिच्या कॅमेऱ्याच्या पेटीपुढे माझे काही चालले नाही. त्या पेटीच्या झाकणाच्या खाचेत रबराची एक बारीक रिंग बसते. समुद्र आणि कॅमेरा यांच्यामध्ये तेवढीच. तिच्यावर एक केस राहिला तरी पाणी आत शिरते. मालवणला निघण्यापूर्वी मुलगी पेटी माझ्यापुढे आणून ठेवते. मी रिंग भिंगाखाली पाहतो, पुसतो, वंगणाचा अगदी पातळ हात देतो. आम्हा दोघांत याहून अधिक बोलणे सहसा होत नाही. ते पुरते.

तिची चित्रे मोठ्या दालनांत लागली होती, पण तिचे समाधान नव्हते. "बाबा, तिथे येणारे मासे पकडत नाहीत, निम्मे तर खातही नाहीत. त्यांना दाखवून समुद्राचं काय भलं होणार? आपल्या लोकांना दाखवायचंय."

आपले लोक म्हणजे पार्ल्यातली आमची सोसायटी, जिच्यात निम्मी बिऱ्हाडे कोकणातली, आणि वर्षानुवर्षे आमच्या फाटकाशी मासे घेऊन येणारी वेसाव्याची कोळीण.

"आणि एकानेही मसाल्यापलीकडचं काही विचारलं नाही, तर हे सगळं बंद. कॉलेजात शिकवायची नोकरी चालून आली आहे, ती घेते," असे म्हणून ती हसली. ती तशी हसते तेव्हा तिचे ठरलेले असते.

दिवस मी सुचवला. श्रावण. आमच्या घरांत श्रावणात मासळी शिजत नाही. तेव्हा लोक माशाकडे मासा म्हणून पाहतील, असा माझा हिशेब. आयुष्यात इतका चुकीचा हिशेब मी क्वचित केला असेल.

श्रावण लागून आठवडाच झाला होता. रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये चित्रे लावली. तिसऱ्या मजल्यावरचा माझा जुना मित्र लांब मिशांच्या शेवंडीच्या चित्रापुढे उभा राहिला तो हलेना.

"काय भरलीय रे! सुकं करायचं, बास."

"श्रावण पाळतोस ना?" मी विचारले.

"तोंड पाळतंय. डोळ्यांना कोण विचारतो?"

त्याची बायको म्हणाली, "अहो, हळू बोला. पोरीने एवढं खोल जाऊन काढलेत."

"म्हणून तर म्हणतो, ताजे आहेत."

तळमजल्यावरची सून माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काका, हा छळ आहे हं. अजून तीन आठवडे काढायचेत आम्हाला." कोणी आमसूल सुचवले, कोणी तिरफळे. मुलगी आधी समजावून सांगत होती. मग नुसती मान हलवू लागली. दुपारी तिने दाराजवळचे पहिले चित्र उतरवायला घेतले. मी स्टूल धरले. सुचवलेला दिवस माझा होता.

तेवढ्यात कोळीण आली. सुक्या बोंबलांची पाटी तिने बाहेर ठेवली.

"काय भाऊ, श्रावण पालता नि म्हावरं भितीवर टांगता?"

चित्रांपुढून ती बाजारातून जावे तशी चालत गेली, प्रत्येकाचे नाव घेत. एका चित्रापाशी मात्र थांबली. तळाशी पडलेल्या तुटक्या दोराला बिलगलेली, तोंडाभोवती दहा हात असलेली मऊ माकूल होती. अंगावर सोनेरी-तपकिरी पट्टे, कडेला निळसर झाक.

"ही माकूल? रंग कुठला भरलास गो?"

"भरला नाही, मावशी. जिवंत असते तेव्हा अशीच असते."

"चालीस वर्सं इकली मी. सफेदच बघली." मग तिचे बोट दोराकडे गेले. "नि ही काली द्राक्षं?"

"तिची अंडी."

कोळीण चित्राच्या अगदी जवळ गेली. "ही तं आमच्या जाल्याला चिकटून येतात. आमी कचरा म्हनून झारतो. वालूत. पन जाल्यावर कशाला ठेवते ती?"

मुलीच्या हातातला हातोडा खाली आला. "तिला अंडी चिकटवायला काही तरी लागतं. फांदी, दोर, मिळेल ते. ते जाळं आहे हे तिला कळत नाही."

कोळीण खुर्चीत बसली. "म्हंजे आमचं जालं तिला घर वाटलं."

"लहानपणी देवगडच्या किनाऱ्यावर मीही ती टाचेने फोडली आहेत," मी म्हणालो. "आवाज होतो. ती कशाची, हे आज कळले."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी चित्राकडे पाहिले.

"मग आता करायचं काय?" कोळणीने विचारले.

"होडीवरूनच पाण्यात परत सोडायची. सगळी जगतील असं मी सांगणार नाही. वाळूत मात्र एकही जगत नाही."

मित्राने चिंतेने विचारले, "म्हणजे माकूल खायचीच नाही का?"

"खा की रं दादा!" कोळीण खेकसली. "तिची पोरं तरी फुडच्या सालाला ठेव." मग मुलीकडे वळून, "माजा पोरगा माजं ऐकत नाय. नारली पुनव झाली का होरी निघंल. तू ये होरीवर. नि हा फोटो मना दे. बाजारात पाटीच्या वर लावते."

ते चित्र मुलीने स्वतः काढून दिले. दाराजवळचे, अर्धे उतरवलेले, तिने पुन्हा सरळ केले.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पेटी माझ्यापुढे आली. नोकरीचे काय, असे मी विचारले नाही.

"वेसाव्याचे पाणी गढूळ आहे," मी म्हणालो. "हात पुढे केला तर बोटे दिसायची नाहीत."

"दिसेल तेवढं काढीन, बाबा."

रिंगेवर एक पांढरा केस सापडला. माझाच असावा. तो काढला, झाकण बसवले आणि रिकामी पेटी बादलीत बुडवून धरली. ती शेजारी उकिडवी बसली. दोघांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिले. बुडबुडा आला नाही.