विनूच्या फळीवरचा रिकामा डबा

विनू गेला हे मला कुंपणावरून कळलं. शेजारची सुलभा ओरडून सांगत होती, "वहिनी, लवकर ये गं! विनूभाऊ फणसाखाली बसलेत ते उठत न्हाईत." मी हातातला कोयता टाकून धावले. फणस सुलभाच्या वाडीत आहे, पण झाड आमचं. माझा धाकटा दीर विनायक, म्हणजे विनू, दरवर्षीसारखा फणस काढायला गेला होता. काढलेले फणस नीट बाजूला लावून ठेवले होते आणि तो बुंध्याला टेकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी रडले नाही, मला ते जमत नाही. त्याच्या मुलीला, मुग्धाला फोन लावला आणि येणाऱ्या माणसांसाठी पडवीत सतरंज्या घातल्या.

दिवेआगरात त्याला सगळे वाडीवाला म्हणून ओळखत, आणि पर्यटकांना दोन खोल्या देणारा म्हणून. पण बाराव्याला काही माणसं अशी आली की मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. कोणी पनवेलचं, कोणी पुण्याचं, एक मुलगी तर थेट नाशिकहून आलेली. "सुपारीवाले इथेच राहायचे का?" असं ती विचारत होती. विनू इंटरनेटवर व्हिडिओ गेमबद्दल लिहायचा ते या नावाने, आणि ते वाचणारे एवढे आहेत हे मला तेव्हा कळलं. ती मुलगी म्हणाली, "आजी, त्यांनी चांगला म्हटल्याशिवाय मी एकही गेम घेतला नाही." मी म्हटलं, "मग आता जपून घे."

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. या घरात लग्न होऊन आले तेव्हा विनू अर्ध्या चड्डीत शाळेत जायचा. पुढे मुंबईत एका दुकानात टीव्ही आणि खेळाची मशीनं दुरुस्त करायला लागला. माझे यजमान गेले, त्याच्या आधी विनूची बायकोही गेली होती, तेव्हा तो वाडी बघायला परत आला. सोबत कपड्यांची एक बॅग आणि खेळांच्या डिस्कचे खोके. रस्त्याकडची खोली त्याने त्या डिस्कना दिली. भिंतीवर फळ्या ठोकल्या, त्यावर डबे उभे केले. भर हंगामात लोक खोली मागत दारात उभे राहायचे आणि हा सांगायचा, "ती नाही मिळणार." माझी चिडचिड व्हायची. "खोली माणसांसाठी असते रे," मी म्हणायचे. तो हसून म्हणायचा, "माणसं येतात की, वहिनी. झोपायला येत नाहीत एवढंच."

आणि खरंच यायची. ज्याला हवी त्याला तो डिस्क न्यायला द्यायचा. रीत एकच, डिस्क ने पण डबा इथेच राहील. डबा उघडून रिकामा दिसला की समजायचं, हा खेळ कोणाकडे तरी गेलाय. कोणी किती दिवस ठेवली ते तो विचारायचा नाही. परत आणून दिली की मात्र समोर बसवून विचारायचा, कसा वाटला? कुठे कंटाळलास? का कंटाळलास? नुसतं "मस्त होता" म्हटलेलं त्याला चालायचं नाही. खेळात आपण पडलो तर चूक आपली असली पाहिजे, बनवणाऱ्याची नको, असं त्याचं म्हणणं. पैसे भरले की पुढे जायला मिळतं अशा खेळांना तो घरात येऊ देत नव्हता. अर्धा खेळ आधी विकून उरलेला तुकड्यातुकड्याने विकणाऱ्यांवर त्याने लिहिलं होतं की हे शहाळं विकून आतल्या पाण्याचे वेगळे पैसे मागतात. ते वाक्य मूळ माझं. पण त्याने खाली तसं लिहिलं होतं, वहिनी म्हणाली म्हणून.

श्रीवर्धनच्या एका बँकेतला मांडवकर दर रविवारी यायचा तो भांडायलाच. त्याचं सगळं इंटरनेटवरून.

"विनूभाऊ, हे डबे जमवून काय करणार? मी पलंगावर पडल्या पडल्या बटण दाबतो, खेळ घरात."

"घरात कुठे? तो त्यांच्या घरात आहे. तू खिडकीतून बघतोस."

"खिडकी तर खिडकी. तुमच्या डब्यांना वाळवी लागणार एक दिवस."

"लागू दे. माझ्या डब्यांना लागेल ना?"

मग मी दोघांना पोहे द्यायचे, म्हणजे तोंडं बंद व्हायची.

वादळ झालं त्या वर्षी आमची वाडी आडवी झाली. सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट उपटले. कित्येक दिवस वीज नव्हती. वीज आली त्या संध्याकाळी विनू जाऊन खेळायला बसला. लोक बोलले, झाडं पडलीत आणि हा खेळतोय. मीही बोलायलाच गेले होते. त्याने मान वर न करता मला बाजूला बसवलं आणि माझ्या हातात ते रिमोटसारखं दिलं. रिमोट म्हटलं की चिडायचा, कंट्रोलर म्हण म्हणायचा. खेळ शेतीचा होता, इंटरनेटवरून विकत घेतलेला. "इथे जमीन मोकळी आहे, लाव काहीतरी," तो म्हणाला. खरी सुपारी लावली तर फळ धरायला वर्षं जातात, तोवर मी असेन की नाही कोणास ठाऊक... मी लावली. सकाळी खऱ्या वाडीत नव्या रोपांभोवती आळी करायची, संध्याकाळी खोट्या वाडीत पाणी घालायचं, असं सुरू झालं.

मला तो खेळ पुष्कळ ठिकाणी चुकलेला वाटायचा. नारळ तीन दिवसांत धरतो? विहीर कधी आटत नाही? माकडं येत नाहीत? आणि व्यापारी सांगाल त्या भावाने माल उचलतो, असा व्यापारी असतो का कुठे? विनू आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "थांब, हे नीट सांग," आणि लिहून घेतलं. मी म्हटलं, माझी चेष्टा करतोस. तो म्हणाला, "नाही गं. माकडं आली तर लोक वैतागतील, पण वाडी राखतील. आता राखायलाच काही नाही, हे तुझं बरोबर आहे." माझ्या बोलण्याला आयुष्यात कोणी असं दोन्ही बाजूंनी तोलून पाहिलं नव्हतं. यजमानांनीही नाही.

मग एके दिवशी पडद्यावर सूचना आली. कंपनी हा खेळ बंद करणार. ठरलेल्या दिवशी दुपारी मी बसले तर पडदा काळा. मी विनूला हाक मारली.

"माझी वाडी कुठाय?"

"गेली, वहिनी."

"वादळात झाडं गेली, जमीन राहिली. इथे जमीनही गेली? आपण पैसे दिले होते ना?"

"पैसे खेळण्याच्या परवानगीचे होते. ती त्यांनी काढून घेतली."

"मग बटणावर 'विकत घ्या' का लिहिलं होतं? 'भाड्याने घ्या' लिहायचं."

मग त्याने ते जसंच्या तसं लिहिलं, आणि खाली आमच्या फणसाची गोष्ट. आमच्याकडे जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असं असतं. जमीन तीन वेळा विकली गेली तरी झाडवाल्याचा हक्क राहतो, आणि फणस काढायला येणाऱ्याला कोणी फाटकात अडवत नाही. सुलभाच्या सासऱ्याने आमच्याशी बोलणं टाकलं होतं तेव्हासुद्धा फणसाच्या दिवसांत आमच्यासाठी कडी काढून ठेवलेली असायची. विनूने लिहिलं, जमीन खुशाल कंपनीची असू दे, पण झाड आमचं आहे आणि आमच्यासाठी कडी काढलेली पाहिजे. हे फार लोकांनी वाचलं म्हणे. कंपनीने काही केलं नाही. पण त्यानंतर विनूने डिस्कशिवाय एकही खेळ घेतला नाही. एकदा तर नवा डबा उघडला आणि आत डिस्कच नाही, नुसता कागदावर नंबर. त्या दिवशी तो जेवला नाही. मला तेव्हा ते अति वाटलं, आताही वाटतं. पण माणूस बोलतो तसं वागत होता, असे किती बघितले मी?

तर आता मुग्धाचं म्हणणं पडलं की दिवाळीपासून ती खोली पर्यटकांना द्यावी. तिचं चुकत नाही. वाडी अजून पुरती उभी नाही आणि घर माझ्या एकटीवर आहे. तिने बापाचं इंटरनेटवरचं खातं उघडून पाहिलं, जुने खेळ त्यात बरेच निघाले, पण ते मुलीच्या नावावर होत नाहीत. "बाबा म्हणायचे तसंच झालं, काकू. ते खेळ त्यांच्याबरोबर गेले," ती म्हणाली. उरल्या त्या फळीवरच्या डिस्का. मी म्हटलं, लोकांकडे गेलेल्या डिस्का येऊ देत. सगळे डबे भरले की खोली दे. तिने कबूल केलं.

मला वाटलं होतं, निम्म्या येतील. पण लोक येत राहिले. भर पावसात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणल्या, एकीने कुरियरने पाठवली. कोणी विचारायला नसताना पडवीत बसून मला सांगून गेले, कुठे कंटाळलो, का कंटाळलो. शेवटी एकच डबा रिकामा उरला. परवा खोली झाडायला गेले तेव्हा सहज मशीनचं बटण दाबलं, तर आत राहिलेली त्या डब्याची डिस्क बाहेर सरकली. शेतीचाच खेळ, पण इंटरनेट न लागणारा. जुना गेल्यावर विनूने तो माझ्यासाठी आणला होता. मी परत आत ढकलली आणि वाडीला पाणी घातलं. पडद्यावर शेवटची तारीख तो फणसाला गेला त्या दिवसाची होती, सकाळी त्याने पाणी घातलेलं, त्यानंतर कोणी नाही. खेळातला दिवस आपण नसलो की थांबून राहतो, ही सोय मात्र मला आवडली.

मग डिस्क काढून तिच्या डब्यात ठेवली. म्हणजे सगळे डबे भरले. दिलेला शब्द दिलेला. मुग्धाला फोन करणार होते, तेवढ्यात रविवार म्हणून मांडवकर आला आणि विनूच्या खुर्चीकडे न बघता पडवीत बसला. त्याला पोहे दिले. मग फळीवरून एक मारामारीची डिस्क काढली, मला ती कधीच आवडली नव्हती, आणि त्याच्यापुढे धरली.

"काकी, माझ्या मशीनला डिस्क घालायला जागाच नाही. मी बिनखाचेचं घेतलंय, विनूभाऊंनी त्यावरून किती ऐकवलं मला..."

"ठाऊक आहे. तरी ने."

"पण मी खेळणार कशी?"

"खेळशील तेव्हा खेळ. परत आणायची घाई नाही."

त्याने डिस्क हातात घेतली. मग त्याने ती रुमालात बांधून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. मी डबा रिकामाच फळीवर उभा केला आणि मुग्धाला फोन करून सांगितलं, एक डिस्क बाहेर आहे, खोली इतक्यात देता येणार नाही.