डाव्या हाताची गाडी

परवा दुपारी दाराशी उभा राहून मी बायकोचा, नलिनीचा, खेळ बघत होतो. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल मोटार घाटातून सुसाट निघाली होती आणि नलिनी ती डाव्या हाताने हाकत होती. उजवा हात मांडीवर पडून होता. अर्धांगवायूनंतर तो परत उठलाच नाही, आणि तिचं विणकामही संपलं.

मग भाचीने आमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून दिली आणि हा गेमही. पण त्याची सगळी बटणं उजव्या हाताची. दोनदा नलिनी रडकुंडीला येऊन उठली. तिसऱ्यांदा तिने लिनक्सवर खेळणाऱ्यांच्या फोरमवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चेच्या कट्ट्यावर, एका बोटाने लिहिलं, ‘माझा एकच हात चालतो. काय करू?’

दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. बटणं डाव्या हाताखाली आणायला कोणती फाइल उघडायची, कोणती ओळ बदलायची, सगळं सावकाश सांगितलेलं. आधी त्याने स्वतः तासभर डाव्या हाताने खेळून पाहिलं होतं. त्याचं गावही आम्हाला ठाऊक नाही. ज्यांचे आभार समोर बसून मानता येत नाहीत, अशी किती माणसं आपल्या आयुष्यात येऊन जात असतील!

एवढ्यात नलिनीने गाडी थांबवली आणि ती काहीतरी टाइप करू लागली.

“नलू, पानं वाढलीत.”

“आले हो. फोरमवर एकाच्या गेमला आवाज येत नाहीये. मला माहितीये काय करायचं ते. बिचारा खोळंबलाय.”

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो. ती एकेक अक्षर शोधत लिहीत राहिली.