ज्याचं जनावर त्यानं

समजा, तुम्हाला ग्रामसभेत उभं राहायचं आहे. समोर अख्खं गाव बसलं आहे. कोणाला पाण्याची टाकी हवी, कोणाला स्मशानाकडचा रस्ता. आणि तुम्हाला सांगायचं आहे की गावाच्या वाट्याच्या निधीतला थोडा पैसा एका उघड्या, खडकाळ माळासाठी ठेवा. माळावर काय बांधायचं? काही नाही. झाडं लावायची? तीही नाहीत. कुंपण घालायचं आणि गावातलं जनावर मेलं की तिथे नेऊन ठेवायचं, गिधाडांनी खावं म्हणून. आता त्यात आणखी एक गोष्ट मिळवा. ज्या वाडीला पिढ्यान्‌पिढ्या गावाची मेलेली ढोरं ओढायला लावली, त्याच वाडीतले तुम्ही आहात. बोला, उभे राहाल?

राजेंद्र उभा राहिला.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूर तालुक्यात खडपकोंड नावाचं गाव आहे. राजेंद्र तिथल्या बौद्धवाडीतला. वय पन्नाशीकडे झुकलेलं, बिरवाडीच्या एका कारखान्यात बॉयलरवर नोकरी, आणि गेल्या निवडणुकीपासून ग्रामपंचायतीचा सदस्य. बोलणं मोजकं. कारखान्यात त्याला काट्याकडे बघत बसायची सवय लागलेली. दाब किती चढला, किती उतरला. माणसांकडेही तो तसाच बघतो असं त्याची आई जानकीबाई म्हणायची.

लहानपणी शाळेतून येताना तो माळाच्या कडेला थांबायचा. गिधाडं उतरायची ती आधी लांब बसायची, मान खांद्यात घालून, लग्नाला उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखी एकमेकांकडे बघत. मग एक पुढे सरकायचं. राजेंद्र नववीत गेला, दहावीत गेला, नोकरीला लागला, आणि कधी कोणाच्या लक्षातही आलं नाही अशा बेताने गिधाडं नाहीशी झाली. खूप पुढे त्याला कळलं की ढोरांना दुखण्यावर दिलेलं एक इंजेक्शन मांसात उरायचं आणि ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. त्या औषधावर बंदी आली. आणि एका सकाळी ड्यूटीवर निघालेल्या राजेंद्रला घाटाच्या कड्यावर मोठ्या पंखांची चार-पाच गिधाडं घिरट्या घालताना दिसली. त्याने मोटरसायकल उभी केली. कारखान्याच्या गेटवर त्या दिवशी त्याला उशीर झाला.

पण गिधाडं आली तरी खाणार काय? आता गावात ढोर मेलं की मंगेशचा जेसीबी यायचा. खड्डा, माती, विषय संपला. मंगेशकडे जेसीबी होता, डंपर होता, आणि त्याचा डोळा माळाच्या मुरुमावर होता. वरचा मुरूम काढून सपाट झालेल्या जागेवर पोरांना क्रिकेटचं मैदान द्यायचं, असा त्याचा प्रस्ताव. पोरं खूश होती. त्याच्या प्रस्तावाच्या आधी आपला ठराव झाला नाही, तर माळ डंपरात बसून जाणार, हे राजेंद्रला स्पष्ट दिसत होतं.

घरात त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं ते बापामुळे.

महादू, त्याचा बाप, आता ऐंशीच्या पुढे. तरुणपणी वाडीची बैठक बसली होती. आजपासून ढोर ओढायचं नाही, असं ठरलं. सांगायला पाटलाच्या दारात गेला तो महादू. मग गावाने वाडीला शेतावर बोलवणं बंद केलं. दुकानात सामान मिळेना. ते अख्खं वर्ष वाडीतली माणसं दासगावला वाळू काढायला आणि महाडला हमालीला चालत जात होती. ढोरं माळावर टाकायला गाव पैसे देऊन बाहेरची माणसं आणू लागलं, ते पार जेसीबी येईपर्यंत. महादूचा थोरला मुलगा, राजेंद्रचा न पाहिलेला भाऊ, त्याच वर्षी गेला. तापाने गेला, असं घरात म्हणायचे. उपासाने, असं कोणी म्हणायचं नाही.

ग्रामसभेची नोटीस लागली आणि बातमी महादूपर्यंत पोचलीच. संध्याकाळी राजेंद्र जेवायला बसला तेव्हा बाप समोर येऊन बसला.

"माळ राखतोस असं आयकलं."

"हो."

"गिधाडांसाठी?"

"हो, बा."

"बरं हाय. चांगला पक्षी हाय. आमच्या आधी हजर असायचा." महादू थोडं हसला. मग विचारलं, "आनि वर न्यायचं कोनी?"

राजेंद्रने घास ताटात ठेवला. "ज्याचं जनावर त्यानं," तो म्हणाला.

"असं त्यांनी म्हटलं, का तू म्हनतोस?"

महादू काठी टेकत उठला आणि ओट्यावर जाऊन बसला.

ग्रामसभा शाळेच्या वर्गात भरली. सरपंच महिपती खुर्चीत बसले. सत्तरीचा, शब्दाला जपणारा माणूस. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. वाडीवरचं कोणी भेटलं तर आपण होऊन "जयभीम" घालणारे गावातले बहुधा ते एकटेच. ग्रामसेवक दीपक भाऊसाहेबांनी ठराव वाचायला घेतला. राजेंद्रने दिलेली माहिती त्यांनी सरकारी भाषेत नीट बसवली होती. निधीचा पहिला हप्ता कुंपणाला. दुसरा हप्ता माळ प्रत्यक्ष वापरात आला की. मार्चअखेर वापर सुरू झाला नाही, तर निधी परत आणि जागेचा फेरविचार.

"गिधाडांना जेवणावळ आणि पोरांना मैदान नाय!" मंगेश मागून ओरडला. "पत्रिका पण छापा अण्णा, सहकुटुंब सहपरिवार!"

वर्ग हसला. राजेंद्रही हसला. हसण्यावारी जात होतं तोवर बरं होतं.

भाऊसाहेब पुढे वाचत गेले. "मृत जनावरे माळावर वाहून नेण्याचे काम बौद्धवाडीतील गरजू व्यक्तींना मानधन तत्त्वावर देण्यात यावे."

वाचून ते पुढच्या ओळीकडे वळलेसुद्धा. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वर्गातही कोणाला वाटलं नाही. खिडकीशी बसलेल्या वाडीतल्या बायका मात्र एकदम राजेंद्रकडे बघू लागल्या.

राजेंद्रच्या कानशिलात बॉयलरसारखा आवाज सुरू झाला. गप्प बसलं तर ठराव आत्ता, या क्षणी मंजूर होत होता. तोंड उघडलं तर सभा फिसकटणार, आणि मंगेश टपून बसलेलाच.

"भाऊसाहेब," तो उभा राहिला, "शेवटचं वाक्य परत वाचा."

भाऊसाहेबांनी वाचलं. या वेळी वाचताना त्यांचा आवाज मध्येच खाली गेला.

"ते काढा."

"अहो राजेंद्रभाऊ, रोजगार मिळेल म्हणून घातलं हो. तुमच्याच लोकांना..."

"काढा."

"काढलं तर नेणार कोण?" महिपती म्हणाले. रागाने नाही, खरोखरच विचारत होते.

"ज्याचं जनावर त्यानं, अण्णा."

मग जो गलका उठला, त्यात कोण काय बोललं ते समजेना. आम्ही ओढायचं? आमच्या घरात देव आहेत! मानधन देतोय ना, फुकट का सांगतोय? मंगेश बाकावर चढला होता. "ऱ्हाऊ द्या की! खड्डा हाय, मी हाय!"

तेवढ्यात प्रयागबाई उठली. भाताची शेती, गोठ्यात दोन म्हशी, नवरा वारलेला. तिच्या तोंडाला गाव वचकून असायचं. "काय रे मंग्या, खाली उतर आधी, बाक शाळेचा हाय. आनि तुम्ही रे? दूध काढताना सडाला हात चालतो, मेल्यावर त्याच जनावराच्या पायाला चालत नाय? बाटतो काय हात?"

महिपतींनी ते वाक्य खोडून तिथे 'ज्याचं जनावर त्यानं' असं घालायला लावलं आणि हात वर करायला सांगितले. बायकांचे हात वर गेले म्हणून ठराव तरला, अगदी काठावर. बाहेर पडताना कोणीतरी कोणाला म्हणालं ते राजेंद्रने ऐकलं: "कागदावर लिवू दे रे. वेळ आली की कोन ओढतो ते बघू."

दिवाळीनंतर कुंपण झालं. फाटक बसलं. जनावरांच्या डॉक्टरांनी यायचं कबूल केलं. मेलेल्या ढोराला ते औषध दिलेलं नाही याची खात्री ते करणार होते. सगळं तयार होतं. फक्त माळावर काही पोचत नव्हतं. डिसेंबरात वरच्या आळीत एक गाय मेली. राजेंद्र कामावरून येईपर्यंत मंगेशने तिला बांधाला पुरलंही होतं. संक्रांतीनंतर एक रेडा गेला. मालक म्हणाला, "अरे, तुझी आठवणच नाय झाली." फेब्रुवारी सरत आला. राजेंद्रला गोठ्यातल्या म्हाताऱ्या जनावरांकडे नजर टाकायचीही लाज वाटू लागली. कोणाच्या तरी दारात मरण यावं म्हणून आपण थांबलो आहोत, हे त्याचं त्यालाच खटकत होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात महिपतींचा फोन आला. "राजेंद्र, ये. हरण्या गेला."

हरण्या म्हणजे त्यांचा बैल. थकला होता, म्हणून दोन वर्षं नुसता बांधून पोसलेला. राजेंद्र सुट्टी टाकून आला तेव्हा डॉक्टर तपासून गेले होते. औषधाचा काही प्रश्न नव्हता. महिपतींच्या बायकोने बैलाच्या कपाळावर हळदकुंकू लावलं होतं. त्यांचा मुलगा हर्षद, पोलादपूरला दुकान चालवणारा, ट्रॅक्टर घेऊन दारात उभा होता. बैलाखाली सरकवायला मोठा पत्रा आणला होता. मागच्या पायांना दोर बांधायचा, तो पत्र्याच्या भोकातून ट्रॅक्टरला अडकवायचा आणि पत्र्यासकट ओढत माळावर न्यायचं, असा बेत होता.

अंगणाच्या कडेने माणसं जमली. पलीकडे मंगेशचा जेसीबी चालूच होता. "अण्णा, तुम्ही नुसती मान हलवा. पाच मिनिटात मोकळे."

महिपतींनी मान हलवली नाही. गोठ्यातल्या खुंटीवरचा दोर काढून ते बैलाजवळ आले. वाकले, पुन्हा सरळ झाले. त्यांचे डोळे लाल होते. दोर हातात धरून त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मग, एक शब्द न बोलता, तो राजेंद्रपुढे केला.

जेसीबीचा आवाज तेवढा राहिला.

अर्ध्या मिनिटाचं काम. गाठ मारायची, संपलं. माळ वाचला, निधी आला, गिधाडं जगली. दु:खात असलेल्या माणसाला कोणीही हात दिला असता. राजेंद्रचा उजवा हात उचललाही गेला होता. तेवढ्यात त्याला गल्लीच्या तोंडाशी काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला बाप दिसला. महादूला कोणी बोलावलं नव्हतं. तो काही बोलतही नव्हता, खूणही करत नव्हता.

राजेंद्रने हात मागे घेतला.

"अण्णा," त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, "बैल तुमचा. दोर तुम्ही बांधा. पत्रा मी धरतो."

महिपतींचा हात तसाच पुढे राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग गालाचा स्नायू हलला. मंगेश हसला, "घ्या! लिवलंय ना ठरावात, ज्याचं जनावर त्यानं!"

"बाबा, द्या इकडे," हर्षद ट्रॅक्टरवरून उतरू लागला.

"थांब तिथंच," महिपती म्हणाले.

ते खाली बसले. सत्तर वर्षांच्या आयुष्यात मेलेल्या जनावराच्या पायाला त्यांनी दोर लावला नव्हता. गाठ कुठे मारायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. राजेंद्रलाही ठाऊक नव्हतं. दोर बांधून झाला तेव्हा राजेंद्रने आणि प्रयागबाईने पत्रा सरकवला, आणखी दोघे-तिघे न बोलता पुढे आले. चढाच्या वळणावर गाठ सुटली. बैल पत्र्यासकट मागे घसरला. राजेंद्रने आणि बाकीच्यांनी जीव खाऊन पत्रा धरून ठेवला, आणि महिपतींनी सगळ्या गावादेखत पुन्हा वाकून दुसरी गाठ मारली. ती माळापर्यंत टिकली.

पहिल्या दिवशी फक्त कावळे आले. राजेंद्र फाटकाशी कुत्री हाकत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी कड्यावरून एक सावली माळावर उतरली, मग आणखी. आधी लांब बसली, मान खांद्यात घालून. पाहणीला साहेब येऊन गेले. दुसरा हप्ता मंजूर झाला. मेमध्ये वरच्या आळीतली एक म्हैस मालकाने स्वतः नेली. कुरकुरत नेली, पण नेली.

महादूने त्या दिवसाबद्दल एवढंच म्हटलं, "पत्र्याची धार लागली काय रे हाताला? हळद लाव."

महिपती आजही रस्त्यात भेटले की "जयभीम" घालतात. राजेंद्रही घालतो. दोघं टाकीबद्दल बोलतात, रस्त्याबद्दल बोलतात. अंगणातली ती गोष्ट दोघांपैकी कोणी काढत नाही. आणि रोज सकाळी बिरवाडीकडे निघताना, माळाजवळून जाताना राजेंद्रच्या तोंडाशी एकच प्रश्न येतो, जो त्याला त्या म्हाताऱ्या माणसाला एकदा समोर बसून विचारायचा आहे: अण्णा, तो दोर तुम्ही मला दु:खात जवळच्या माणसाकडे करतात तसा पुढे केलात, की गाव वाडीतल्या माणसाकडे करत आलं तसा?