माझी लेक पाठराखीण होणार होती

माझं तोंड वाईट आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. नवरा फौजेतून सुभेदार होऊन घरी आला, पण घरात हुकूम बायकोचाच चालतो, असं लोक म्हणतात. म्हणू देत. लेक झाली तेव्हापासून मी अशी झाले. त्याआधी मीही सासूपुढं मान वर न करणारी बाई होते.

लेक तान्ही असताना मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, डाउन सिंड्रोम आहे. बिचाऱ्यांनी नीट समजावून सांगितलं. चालेल उशिरा, बोलेल उशिरा, शिकेल तिच्या चालीनं, पण माया फार लावेल. गावानं एवढी लांबण लावली नाही. गावानं एका शब्दात काम उरकलं, येडी. मग मी नळावर भांडले, गिरणीत दळण टाकताना भांडले, एकदा तर हळदीकुंकवाला गेले आणि वाण न घेताच भांडून परत आले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसऱ्याला नुसता धूर दिसतो.

पण भांडून कुणी आपल्या लेकराशी खेळायला येत नाही. संध्याकाळी दारासमोर गल्लीतली पोरं खेळायची आणि माझी उंबऱ्यावर बसून टाळ्या वाजवायची. डाव कुणीही जिंको, टाळ्या हिच्याच. गंमत म्हणजे तिला कधी वाईट वाटायचं नाही. वाटायचं ते मलाच.

मग एका वर्षी हादगा आला. आमच्याकडं हादग्याच्या दिवसांतच द्राक्षाच्या छाटण्या चालू असतात. तासगावच्या रस्त्याला आमची थोडी बाग आहे, तिथनं मी नुकती परत येऊन हातपाय धूत होते. शेजारची पोरगी दारात येऊन उभी राहिली. माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी लहान, दोन वेण्या, एकीची रिबिन सुटलेली.

"काकू, हिला पाटवा की हादग्याला."

"ती काय करणार गं तिथं?"

"काय करनार म्हंजी? फिरंल की आमच्यासंगं. हात धरून तर फिरायचं असतंय."

खरंच की, हात धरून तर फिरायचं असतं! एवढी साधी गोष्ट मोठ्या माणसांच्या डोक्यात कधी आली नव्हती. मी लेकीचे केस विंचरले, डब्यात बागेतले बेदाणे घातले आणि पाठवून दिलं. आणि दुसऱ्या मिनिटाला मीही मागोमाग गेले आणि त्यांच्या भिंतीआड उभी राहिले. कुणी हसलं असतं तर मी काही ऐकून घेणार नव्हते.

पाटावर हत्ती काढलेला, पोरींचा फेर, गाणी. माझी लेक उलट्या बाजूला जायची आणि सगळा फेर तिच्या ओढीनं वाकडा व्हायचा. शेवटी खिरापत आली. खिरापतीची रीत अशी की डब्यात काय आहे ते झाकून ठेवायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. कुणालाच ओळखता आलं नाही, तर डबावालीची मान ताठ. माझ्या लेकीनं डबा पुढं केला आणि आभाळाएवढ्या आवाजात ओरडली, "बेदानं!"

दोघीतिघी खुदकन हसल्या. मी पदर खोचलाच होता. पण शेजारचीनं त्यांच्याकडं असे डोळे वटारले की बस्स. मग कानाला हात लावून म्हणाली, "काय म्हनली गं? मला न्हाई बया काय ऐकू आलं." दुसरी म्हणाली, मलाबी न्हाई. बघता बघता सगळ्या ठार बहिऱ्या झाल्या.

"गोड हाय का तिखट?"

"बेदानं!"

"मग तिखटच असनार. चिवडा? चकली? शेव? हरलो बया आमी, उगड आता."

माझ्या लेकीनं झाकण उघडलं तेव्हाचं तिचं तोंड तुम्ही बघायला पाहिजे होतं. मी भिंतीला डोकं टेकून रडले. त्या चिमुरड्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवण्यासारखं मोठ्यांना येत तरी काय होतं?

पुढं पोरी मोठ्या झाल्या. कुणी कॉलेजला गेली, कुणी मावशीकडं शिकायला गेली, कुणाचं लवकर लग्न झालं. कुणाला नावं ठेवायची नाहीत मला, वाढतं वय कुणी धरून ठेवत नाही. शेजारची तेवढी येत राहिली. सांगलीला कॉलेजला जायची, एसटीनं उभी राहून यायची, आणि चहा प्यायच्या आधी आमच्याकडं डोकावायची. माझ्या लेकीला मोबाइलवर गाणी लावून द्यायची, नखं कापून द्यायची. माझ्या हातून नखं कापून घ्यायची नाही ही, तिच्याकडून घ्यायची. पुढं पुढं "माझी मैतरीण" हे दोन शब्द माझ्या लेकीनं एवढे घासूनपुसून लख्ख केले की आल्यागेल्याला तेच ऐकवायची.

तुम्हाला खरं सांगते, अशा लेकराच्या आईला जन्मभर एकच घोर असतो. माझ्या माघारी हिचं कोण? आम्ही नवराबायको काय, पिकली पानं. भाऊ नाही, बहीण नाही. आणि मी मनातल्या मनात तो सगळा भार त्या शेजारच्या पोरीच्या खांद्यावर टाकून मोकळी झाले होते. तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. पण ती नखं कापत बसलेली दिसली की माझा जीव खाली बसायचा.

तिचं लग्न ठरलं, साताऱ्याकडं. मुलगा चांगला, पुण्यात नोकरीला, घर मोठं, ऊस आहे, माणसं पुष्कळ. साखरपुडा झाला त्याच संध्याकाळी ती आमच्याकडं आली आणि ओट्यावर चढून बसली.

"काकू, माजी पाठराखीण हिलाच न्यायची हाय."

"खुळी का काय तू?" मी म्हणाले.

नवरी सासरी निघते तेव्हा तिच्यासोबत माहेरचं एक माणूस जातं, नव्या घरात चार दिवस तिला सोबत म्हणून. कुणी म्हातारी आजी जाते, कुणी धाकटी बहीण. तिला पाठराखीण म्हणतात. मान असतो तिला, साडी-चोळी असते, पंगतीत नवरीच्या शेजारी पाट असतो. माझ्या लेकीला आजवर कुणी लग्नात धड करवलीसुद्धा केलं नव्हतं, फोटो काढायच्या वेळेला तिला हळूच बाजूला घेत.

"खुळी कशानं? मला भन हाय का? हीच माजी भन," ती म्हणाली आणि माझ्या लेकीला सांगायला लागली. "हे बघ, तिथं मला कुनीबी वळखीचं नसनार. तू माज्याजवळ ऱ्हायाचं. मी रडली तर डोळं पुसायचं. जमंल नव्हं?"

माझ्या लेकीनं मान हलवली. मग उठून आत गेली आणि माझी बाजाराची पिशवी घेऊन आली. त्याच दिवशी पिशवी भरली तिनं. दोन गाऊन, फणी, पावडरचा डबा आणि बिस्किटाचा पुडा. पुडा मैत्रिणीसाठी. मी रोज पिशवी मोकळी करायची, ती रोज भरायची.

बस्त्याला सांगलीला गेलो. दोन्हीकडची माणसं दुकानात. नवरीनं स्वतः उठून पाठराखिणीसाठी पोपटी ड्रेस निवडला. आणि नवरा मुलगा, देव त्याचं भलं करो, त्यानं माझ्या लेकीसमोर दोन फेटे धरले आणि विचारलं, "ताई, ह्यातला कुठला घालू?" तिनं पिवळा दाखवला. त्यानं मुकाट पिवळा घेतला. मी मनात म्हटलं, बाई, घर मिळालं पोरीला! एकीला नाही, दोघींना मिळालं. केवढी ती हाव माझी.

पण दुकानात मुलाची आत्याही होती, आणि ती कपड्यांकडं कमी आणि माझ्या लेकीकडं जास्त बघत होती. दोनच दिवसांत मध्यस्थाचा फोन आला शेजाऱ्यांकडं. पाठराखीण जाणती पाठवा, म्हणाले. पहिल्यांदा घरात लक्ष्मी येणार, तिच्यासंगं तसलं माणूस बरं दिसत नाही. पाव्हणेरावळे नावं ठेवतील.

तसलं माणूस! मी असते फोनवर तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण लग्न माझ्या घरचं नव्हतं. नवरीच्या बापानं फोन ठेवला आणि खाली मान घालून बसला, भला माणूस. पोरीनं मात्र घर डोक्यावर घेतलं. मग मीबी जात न्हाई, म्हणाली. ताट सरकवून दिलं. तिची आई माझ्याकडं रडत आली, आवं तुमीच सांगा तिला, तुमचंच ऐकंल.

गेले. काय करणार? लेकीच्या बाजूनं आयुष्यभर भांडलेली मी, लेकीच्या विरुद्ध बोलायला गेले.

"अगं, तिला परक्या घरात झोप न्हाई लागायची. मीच न्हाई म्हनते तिला पाटवायला," मी म्हणाले.

"काकू, खोटं तुमाला येत न्हाई," ती म्हणाली. "भांडाय तेवडं येतंय. मग भांडा की माज्यासाटी."

मी तिला जवळ घेतलं. दोघी रडलो. संध्याकाळी ती जेवली, म्हणजे कळलं की मोडली.

आता हे माझ्या लेकीला सांगायचं कुणी? नवरा म्हणाला, तू सांग. मी म्हणाले, तुमी सांगा, फौजेत एवढ्या गोळ्या झेलल्या म्हणता. शेजारची म्हणाली, मी सांगते, आणि येऊन नखं कापून गेली. सांगितलं कुणीच नाही. लग्नाच्या गडबडीत विसरेल, असं आम्ही शहाणी माणसं एकमेकांना सांगत बसलो.

लग्न लागलं, पंगती उठल्या. कार्यालयाच्या दारात फुलांनी सजवलेली गाडी उभी होती. पाठवणीची रडारड सुरू झाली. माझं लक्ष नवरीकडं होतं. आणि गाडीचं दार उघडून बघतात तर मागच्या सीटवर पोपटी ड्रेस घालून, मांडीवर पिशवी घेऊन माझी लेक आधीच बसलेली. खिडकीकडची जागा मोकळी ठेवली होती तिनं, मैत्रिणीसाठी.

"ही कशाला हितं?" आत्या म्हणाली.

"बसू द्या की आत्या, काय हुतंय," नवरा मुलगा म्हणाला. त्याच्या मामानं एकदाच त्याच्याकडं बघितलं. पोरानं पिवळा फेटा नीट केल्यासारखं केलं आणि दुसरीकडं बघायला लागला. त्याचा तरी काय दोष? पोरांच्या मनात असतं, पण घरात त्यांचं चालतंय कुठं?

मग मीच पुढं झाले. दुसऱ्या कुणी तिच्या अंगाला हात लावला असता तर मी तिथंच तमाशा केला असता. तिचा दंड धरला आणि म्हणाले, "उतर बाळा." ती माझ्याकडं बघत राहिली, मग मैत्रिणीकडं. मैत्रीण शालूत उभी, तोंडावर पदर, हुंदके देत होती. माझी लेक उतरली. मैत्रिणीचे डोळे आपल्या तळहातानं पुसले. मग पिशवी तिच्या हातात दिली. आकांत केला नाही. आकांत केला असता तर बरं झालं असतं गं बाई.

पाठराखीण म्हणून नवरीची चुलत चुलती गेली.

चार दिवसांनी मांडवपरतणीला नवरी माहेरी आली. हिरवा चुडा, अंगभर दागिने, आणि आपल्या घरात पाऊल टाकायच्या आधी आमच्या दारात. पिशवी परत आणली होती. गाऊन धुऊन, घड्या घालून. पुडा तेवढा नव्हता. "मी खाल्ला काकू," म्हणाली, "न्हाणीघरात बसून."

मी चहा टाकला. तिला सांगायचं बरंच होतं. घर चांगलं आहे, सासू बरी आहे, पण हसताना आधी चारी बाजूला बघून घ्यावं लागतं. आठवड्यानं पुण्याला जाणार होते दोघं. माझी लेक तिच्या बांगड्या वाजवून बघत होती.

उठता उठता शेजारचीनं माझे दोन्ही हात धरले. मी कधी बोलले नव्हते, पण पोरीला सगळं कळत होतं, लहानपणापासूनच.

"काकू, तुमी घोर करू नका. तुमच्या माघारी मी हाय. आमचं आमी येगळं राहायला लागलो की मी नेनार हिला माज्याकडं. आईशप्पत नेनार."

ती खरं बोलत होती. एका शब्दात खोट नव्हती. आणि मला गाडीचं ते दार दिसत होतं, तो मामा दिसत होता, पुढची वर्षं दिसत होती, तिची पोरंबाळं, तिच्या मागची शंभर माणसं. एवढ्या माणसांपुढं तिचं एकटीचं कसं चालणार? खोटं मला येत नाही असं तीच म्हणाली होती. पण त्या दिवशी मी तिच्या तोंडावरनं हात फिरवला आणि म्हणाले, "व्हय गं माजी बाय. तूच तर हायस." तिला ते खरं वाटलं. समाधानानं हसली.

आम्ही दोघी डोळे पुसत होतो, तेवढ्यात माझी लेक आतल्या खोलीतून बाहेर आली. गाऊनवरच तिनं तो पोपटी ड्रेस चढवला होता, पायात चपला घातल्या होत्या, आणि पिशवी घेऊन ती दारात उभी होती.

"चल," ती मैत्रिणीला म्हणाली.